पदवीनंतर पंधरा वर्षांनी एफई परीक्षा: आरंभ कुठून करावा?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): सयाजीराव विद्यापीठातून स्थापत्य शाखेची पदवी घेऊन बराच काळ लोटला. जलवाहिन्यांच्या कामामुळे द्रवयांत्रिकी हाताशी आहे. मात्र गतिशास्त्र व कलनशास्त्र पार विस्मरणात गेले आहे. अमेरिकेतील अभियंता-परवान्याची पहिली पायरी म्हणून एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) ही परीक्षा सिव्हिल, म्हणजे स्थापत्य, शाखेतून द्यायची आहे. सगळे मुळापासून वाचावे का?

उत्तर १: नमस्कार ताई. मुळीच नाही. ही परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या अमेरिकी संस्थेच्या संकेतस्थळावरून परीक्षेचे संदर्भपुस्तक विनामूल्य उतरवून घ्या, कारण परीक्षेत तेच पडद्यावर मिळते आणि ११० प्रश्नांसाठी ५ तास २० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे तीन मिनिटांहूनही कमी वेळ असल्याने, सूत्र पाठ असण्यापेक्षा ते कोठे आहे हे ठाऊक असणे अधिक उपयोगी ठरते. आधी मिश्र प्रश्नसंच सोडवा. जेथे अडाल तेवढेच वाचा.

उत्तर २: वरील मताशी सहमत आहे, पण कलनशास्त्र टाळू नका. आपल्याला एसआय (मीटर-किलोग्रॅम) एककांची सवय असते. तेथे फूट-पौंडांतही प्रश्न येतात, म्हणून सराव दोन्हींत करावा. गणकयंत्र मान्य यादीतलेच चालते, तेव्हा कॅसिओ एफएक्स-९९१ आजपासूनच वापरा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत; भारतातील गेट परीक्षेत ते कापले जातात, त्या सवयीने प्रश्न कोरा सोडू नका.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. नीतिशास्त्र व अभियांत्रिकी अर्थशास्त्र यांना किती वेळ द्यावा?

उत्तर १: थोडाच, पण नक्की द्या. व्याजाचे तक्ते संदर्भपुस्तकातच आहेत.