सिंपल आणि गिमिकी: साधा, सोपा, सोंगी, कळदार?

मामा, कॉलेज रोड: दिवाळीत भाच्यासोबत ‘स्ट्रीट फायटर ६’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळत होतो. त्यात आपला लढवय्या आपणच निवडायचा. तो म्हणाला, “मामा, तू सारखा र्‍यूच का घेतोस? सोपा आहे म्हणून?” मी म्हणालो, “सोपा नाही रे, साधा आहे.” बोलून गेलो खरा, पण फरक काही सांगता येईना. पात्रांबद्दल त्याच्या तोंडी दोनच शब्द, ‘सिंपल’ आणि ‘गिमिकी’. मराठीत काय म्हणाल?

पंचवटीकर: साध्याला वरून काही लावलेलं नसतं, सोप्याला कष्ट पडत नाहीत. आपण ‘साधी राहणी’ म्हणतो, ‘सोपी राहणी’ म्हणत नाही. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मधला गाईल घ्या. खास डाव दोनच. पण सॉनिक बूम, म्हणजे लांबून फेकायचा मारा, सोडायला स्टिक आधी थोडा वेळ मागे दाबून धरायची, मग पुढे ढकलून बुक्क्याचं बटण. चालत पुढे गेलात की ती तयारी गेली. डाव साधे, पण माणूस खेळवायला सोपा नाही.

उलट ‘टेक्केन ३’ या तसल्याच दुसऱ्या गेममधला एडी गोर्डो. कापोएरा या ब्राझिली युद्धकलेच्या लाथा, हातांवर उभं राहणं, काय तो थाट! आमच्या शाळेतली पोरं लाथांची दोन बटणं डोळे मिटून बडवायची आणि जिंकायची (मीही हरलोय, अजून सलतं). तो सोपा, पण साधा अजिबात नाही.

मामा, कॉलेज रोड: हे पटलं. र्‍यूचंही तसंच. स्टिक खाली, खाली-पुढे, पुढे आणि बुक्का: झाला हाडोकेन, हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा. समोरच्यालाही तो येणार हे ठाऊक असतं. फेकायचा कधी आणि न फेकता नुसतं उभं राहायचं कधी, सगळा खेळ त्यातच. समोरचा वैतागून उडी मारतो, तेव्हा खालून वर उसळत मारायचा बुक्का, शोर्‍युकेन. बरं, गिमिकीचं काय?

सिडकोवाला: ‘चमत्कृतीपूर्ण’.

मामा, कॉलेज रोड: दादा, भाचा पळून जाईल.

त्र्यंबकचा: आमच्या भागात बोहाडा असतो. संबळ-पिपाणीवर एकेक सोंग मुखवटा घालून नाचत येतं. सोंगी भजन तर सगळ्यांना माहीत आहे. मग ‘सोंगी’ म्हणा की सरळ!

पंचवटीकर: शब्द गोड, पण अर्धाच बसतो. सोंग दिसण्यात असतं. गिमिक १९२०च्या दशकात अमेरिकन बोलीत रुळला, तेव्हा जुगाराचं चाक हवं तिथं थांबवणाऱ्या छुप्या करामतीलाही तेच नाव होतं. म्हणजे चोरकळ. खेळाडू पात्राला गिमिकी म्हणतात ते बहुतेक कपड्यांवरून नाही, इतरांना नसलेला एखादा नियम त्यालाच दिलेला असतो म्हणून.

मामा, कॉलेज रोड: मग ‘६’मधला जेमी? लढता लढता थांबून घोट घेतो. चार घोटांपर्यंत जोर वाढत जातो, नवे डाव उघडतात. हे सोंग की कळ?

पंचवटीकर: झिंगल्यासारखं डोलणं हे सोंग. घोटांचा हिशेब ही कळ. डोलणं काढून टाका, हिशेब राहील आणि जेमी खेळायला तसाच लागेल. ‘टेक्केन ३’चा मोकुजिन बघा. नुसतं लाकडाचं बाहुलं, सोंग काही नाही. पण दर फेरीला तो दुसऱ्याच कुणाची तरी लढायची तऱ्हा उचलतो. सगळा कळीवरच चालतो.

मामा, कॉलेज रोड: काल फोनवर भाच्याला ‘कळीचं पात्र’ म्हणालो. तो म्हणाला, “म्हणजे महत्त्वाचं?” शाळेत ‘कळीचा मुद्दा’ शिकलाय ना. माझी आई मागून म्हणते, “कळीचा नारद आला का?” झाला विचका.

सिडकोवाला: मग ‘कळदार’?

त्र्यंबकचा: ते तर नाणं! आजोबा ‘कळदार रुपया’ म्हणायचे.

सिडकोवाला: हो, यंत्रावर पाडलेला म्हणून कळदार. इथंही पात्राच्या आत यंत्रच बसवलेलं आहे की. शिवाय व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकल्याशिवाय आपल्याला कोण खेळू देत होतं?

मामा, कॉलेज रोड: भाच्याला ‘कळदार’ चालला. आता मला चिडवतो, “मामा, तुझा र्‍यू म्हणजे बिनकळीचा!”