पहिल्या सायकोसिसनंतर बरं वाटतंय, मग गोळ्या कधी थांबवायच्या?

शेवंती:
पालकांच्या मदतगटासाठी माहितीपत्रक करते आहे. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा: मुलाला पहिल्यांदाच सायकोसिस (वास्तवाचं भान सुटण्याचा मानसिक आजार) झाला. भास, संशय दोन महिन्यांत गेले. आता तो दिवसभर पडून असतो, वजनही वाढलंय. घरच्यांना वाटतं सुस्ती गोळ्यांचीच, तर बंद करूया. औषध किती काळ द्यायचं आणि आजार उलटतोय हे कशावरून ओळखायचं, नेमकं सांगाल का?

दीपमाळ:
लक्षणं पूर्ण ओसरल्यावर किमान १ ते २ वर्षं औषध चालू ठेवावं. फसगत होते ती इथे: गोळ्या थांबवल्यावर लगेच काही बिघडत नाही, उलट तरतरी येते. कित्येक आठवडे, कधी काही महिने छान जातात. म्हणून आजार उलटला तरी त्याचा संबंध बंद केलेल्या गोळीशी कोणी लावत नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या एपिसोडनंतर (आजाराच्या पहिल्या झटक्यानंतर) ५ वर्षांत सुमारे ८० टक्के रुग्णांचा आजार एकदा तरी उलटला, आणि औषध सोडल्यावर हा धोका जवळजवळ पाचपट झाला.

पण सुस्तीची तक्रार खरी असते, ती उडवून लावू नका. पहिल्या एपिसोडला डोस कमी पुरतो. रिस्पेरिडोन हे सायकोसिसवरचं औषध असेल तर बऱ्याच जणांना दिवसाला २-३ मिग्रॅ. भरती असताना दिलेली झोपेची गोळी आणि ट्रायहेक्सिफेनिडिल (सायकोसिसच्या औषधाने येणारा ताठरपणा, कंप कमी करणारी गोळी) मात्र चिठ्ठीवर तशीच पुढे चालू राहतात, आणि ट्रायहेक्सिफेनिडिलने स्मरणशक्तीही मंदावते. चिठ्ठी घेऊन जा आणि विचारा, ‘यातलं आता काय कमी करता येईल?’ स्वतःहून काही थांबवू नका.

कातळफूल:
‘पडून असतो’ यामागे वेगवेगळी कारणं असतात. चेहरा मख्ख आणि चालताना हात हलत नसतील, तर औषधाचा दुष्परिणाम. रडू, अपराधीपणा, ‘माझं आता काही होणार नाही’ असं बोलणं असेल, तर सायकोसिसनंतरचं नैराश्य. इथे आत्महत्येचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात येत नाहीत. यातलं काहीच नसून उमेदच उरली नसेल, तर आजाराचीच नकारात्मक लक्षणं (उत्साह, भावना, बोलणं कमी होणं) असू शकतात.

याच्या उलटही होतं. मुलगा एका जागी बसूच शकत नाही, सारख्या येरझाऱ्या घालतो. ही अकॅथिझिया. तिला आजार वाढला समजून डोस वाढवला की हाल आणखी वाढतात.

वजन पहिले ६ आठवडे दर आठवड्याला, मग १२व्या आठवड्याला लिहून ठेवा. साखर, चरबी, रक्तदाब सुरुवातीला, ३ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी. ओलान्झापिन या सायकोसिसच्या औषधावर वजन झपाट्याने चढत असेल तर महिनोन्महिने थांबू नका, औषध बदलण्याबद्दल बोला.

पाणवठा:
आजार उलटण्याच्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या, म्हणून छापील यादी देऊ नका. मूल बरं असताना त्याच्यासोबत बसून आठवा: पहिल्या वेळी आधीच्या महिन्यात काय काय बदललं होतं? बहुधा आधी झोप जाते. मग खोलीचं दार बंद राहू लागतं, आवाज नकोसे होतात, साध्या बोलण्यात काही दुसराच अर्थ दिसू लागतो. त्याच्याच शब्दांत चार-पाच खुणा लिहा, शेजारी कोणाला फोन करायचा तेही. दोन खुणा एकत्र दिसल्या, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

गांजा मात्र पूर्ण बंद. औषध नियमित असतानाही तो आजार उलटवतो.

शेवंती:
आणि मुलगा गोळीच घेत नसेल तर?

दीपमाळ:
जेवणात लपवून देऊ नका. कळलं की संशयाला पुरावाच मिळतो, मग जेवणही सुटतं. आधी नकाराचं कारण विचारा; बरेचदा सुस्ती, वजन, किंवा न बोलता येणारी लैंगिक अडचण असते. या तिन्ही अडचणींवर उपाय आहेत. रोजची गोळी विसरली जात असेल किंवा रोजचा तो वादच नको असेल, तर २ ते ४ आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन त्याच्यासमोर पर्याय म्हणून ठेवा. ते पहिल्या एपिसोडनंतरही देता येतं.