वाय नाही, तरी नर
एकाने विचारलंय, 'माणसात वाय गुणसूत्राने नर ठरतो; कोळ्यात वायच नसेल तर नर ठरतो कसा?' अहो, नसण्यानेच ठरतो! बहुतेक कोळ्यांत एक्स, म्हणजे लिंग ठरवणारी गुणसूत्रं, दोन प्रकारची असतात, एक्स१ आणि एक्स२. मादीत दोन्हींच्या जोड्या, नरात एकेकच. म्हणजे नराकडे दोन गुणसूत्रं कमी.

खरी गंमत शुक्राणू तयार होताना. एक्स१ आणि एक्स२ एकमेकांना खेटून राहतात आणि पेशी विभागताना दोघं एकाच टोकाला जातात. त्यामुळे निम्म्या शुक्राणूंत दोन्ही, उरलेल्यांत एकही नाही. दोन्ही मिळाले की मादी, नाहीतर नर.

अर्थात हे निम्मं-निम्मं सगळीकडे नाही. आफ्रिकेतला, समूहाने राहणारा कोळी स्टेगोडिफस डुमिकोला घ्या. त्याच्यात एक्सवाले शुक्राणूच जास्त निघतात, वसाहतीत माद्यांचाच भरणा. आपल्याकडचा स्टेगोडिफस सारासिनोरम त्याचाच भाऊबंद, त्याच्याही जाळ्यात नर औषधापुरतेच.