शॉवरचा पंप नुसता घुं घुं करतोय: दुरुस्त करू की नवाच घेऊ?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये टाकीचा तळ शॉवरच्या वर जेमतेम सहा फूट, म्हणून सहा वर्षांपूर्वी अर्धा एचपीचा प्रेशर पंप बसवला होता. नळ सोडला की आपोआप चालू, बंद केला की बंद. परवापासून नळ सोडला की नुसता घुं घुं करतो, फिरत नाही. मिनिटभरात गप्प होतो, अर्ध्या तासाने पुन्हा तेच. दुकानातून मुलगा आला, त्याने पंपाला हातही न लावता "जळालाय काका, नवा घ्या" म्हणून साडेआठ हजार सांगितले. वासबिस तर काही येत नाहीये.

आणखी एक, सांगावं की नाही कळत नाही: गेला महिनाभर नळ बंद केला तरी पंप मधूनच चालू राहायचा. मी बटण बंद करून मोकळा व्हायचो. महापालिकेचं पाणी चार दिवसांआड, त्यामुळे टाकीत बोअरचंही सोडतो. बायकोचं म्हणणं, बादली-तांब्या काय वाईट होता?

होटगीरोड_४४
मिनिटभराने गप्प होतो म्हणजे मोटर तापून आतला थर्मल कट पडतोय. थंड झाली की परत जोडला जातो. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तांब्याच्या तारेची गुंडाळी, जळालं असतं तर असा दर अर्ध्या तासाने घुमला नसता. सारखं चालू करून बघू नका, तसं करूनच वाइंडिंग जळतं. माझी पैज कंडेन्सरवर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या डबीवर.

माग_जॉबर (निवृत्त)
मालक, पैज नंतर लावा, आधी शाफ्ट फिरवून बघा की. मेन बंद करा, नुसतं बटण नाही. मागचं पंख्याचं झाकण काढा, शाफ्टच्या टोकाला खाच असते, त्यात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवा. हलका फिरला तर कंडेन्सर. घट्ट असेल तर आत इम्पेलरवर, पाणी ढकलणाऱ्या चकतीवर, क्षार बसलाय, बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. आमच्या पूर्व भागात प्रत्येक तोटीच्या तोंडाला बघा, तोच.

कंडेन्सरवर आकडा असतो, ८ किंवा १० मायक्रोफॅरड असं काहीतरी. तेवढाच आणायचा, "मोठा बसवा, जोर येतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जुना फुगलेला दिसेल, नाही दिसला तरी मीटर लावून तपासा. काढायच्या आधी त्याची दोन्ही टोकं बल्ब लावलेल्या होल्डरला लावून साठलेली वीज उतरवा. मागावर तीस वर्षं काढली, झटका मात्र एकदाच बसला, तो असल्याच डबीचा.

आणि ते नळ बंद तरी पंप चालू, ते आधी सांगायला पाहिजे होतं ओ. फ्लो स्विच अडकलाय, पाणी वाहू लागलं की पंप चालू करतो तो. आत लोहचुंबकाचा छोटा दट्ट्या वरखाली होतो, त्याला गंजाचा कीस चिकटतो, नाहीतर क्षार धरतो. तुमच्याकडे पाणी चार दिवसांआड, म्हणजे टाकी कधीतरी रिकामी झालीच असणार. पंप कोरडा फिरला असेल, तर पाणी मोटरकडे जाऊ न देणारं सील गेलंय. पंप आणि मोटरच्या मधल्या सांध्याखाली कोरडा कागद ठेवा आणि रात्रभर बघा.

नवी_पेठ
पंप बदलणारच असाल तर थेट टाकीच्या खाली लावा, सोलरचं गरम पाणीसुद्धा जोरात येईल. एकाच पंपात दोन्ही कामं.

होटगीरोड_४४
नवी पेठवाले, थांबा. वर टाकी आणि उभा हवेचा पाइप असलेला साधा सोलर असेल, तर पंपाचा दाब त्याच्या आत द्यायचा नाही. पाणी त्या पाइपातून गच्चीवर उडेल, नाहीतर सोलरची टाकी फुगेल. पंप फक्त गार पाण्याच्या लाइनवर लावायचा. गरम लाइनला लावायचा असेल तर सोलरच्या पुढे, म्हणजे त्यातून पाणी बाहेर निघाल्यावर, आणि गरम पाणी सोसणारा घ्यायचा.

जुळेसोलापूरकर
कळवायला उशीर झाला. शाफ्ट हलका फिरला. कंडेन्सर फुगला नव्हता, पण मीटरवर १० ऐवजी साडेतीन दाखवत होता. दीडशे रुपयांत नवा बसवला आणि पंप झकास सुटला. बायकोने त्या मुलाला फोन करायलाच सांगितलं होतं, मी नको म्हटलं.

दोन दिवस चाललं. तिसऱ्या सकाळी कागद भिजला होता आणि दुपारी आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पडला. जॉबरसाहेब म्हणाले तेच, सील गेलेलं. मागे उघडलं तर पाणी बेअरिंगपर्यंत गेलेलं आणि शाफ्टवर तांबूस गंज. नुसतं सील बदलून भागणार नव्हतं. मोटर भरून देणाऱ्या वाइंडरने बेअरिंग, सील आणि वाइंडिंग मिळून जो आकडा सांगितला, त्याला सहा वर्षांचा पंप राखण्यात अर्थ नव्हता. मुलगा बरोबर निघाला, पण चुकून.

नवा बसवताना आधी टाकीत फ्लोट स्विच टाकला, पाणी तळाला गेलं की पंपाची लाइनच तुटते. पंपाच्या आधी गाळणी बसवली. दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) आणि बॉल व्हॉल्व्ह घेतले, म्हणजे पुढच्या वेळी पाइप कापायला नको. सोलर जसा होता तसाच ठेवला. शॉवरची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली होती, सकाळी तळाशी चुन्यासारखा गाळ. आता मोटर बंद ठेवून आंघोळ केली तरी पूर्वीपेक्षा बरी धार येते, म्हणजे निम्मा दोष जाळीचाच होता.

माग_जॉबर (निवृत्त)
जुना पंप भंगारात देऊ नका. तांबं आहे त्यात. नाहीतर मला द्या.