हिशेबाची नोकरी सोडून सॉफ्टवेअरमध्ये शिकाऊ उमेदवारी करावी का?

प्रश्न

मी तीन वर्षे हिशेबनीस म्हणून काम करत आहे. रोजची पडताळणी लवकर उरकावी म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लहान स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) लिहू लागलो आणि हळूहळू त्यातच अधिक रस वाटू लागला. आता एका कंपनीत वर्षभराच्या शिकाऊ उमेदवारीची संधी आली आहे. विद्यावेतन सध्याच्या पगाराच्या निम्म्याहून कमी असून पहिले चार महिने टेस्टिंग विभागात, म्हणजे सॉफ्टवेअरमधील चुका शोधण्याच्या कामात, काढावे लागतील. दुसरा पर्याय म्हणजे साठवलेले पैसे खर्चून पूर्णवेळ अभ्यासक्रम करणे. माझ्याकडे संगणकशास्त्राची पदवी नाही, आणि टेस्टिंगमध्ये गेलेला माणूस तिथेच अडकतो असे ऐकले आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

मीही पदवीशिवाय याच वाटेने आलो. माझे पहिले स्वतंत्र काम एका अहवालातील तारखेचे होते. सर्व्हरवर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळाच्या मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, साठवली जात असल्यामुळे मध्यरात्रीनंतरच्या नोंदी आदल्या दिवसात मोजल्या जात होत्या. मी स्थानिक वेळेतील फरकाचे तास सरळ आकड्याने मिळवले, चाचणीत उत्तर बरोबर आले, आणि मोठ्या खुशीत तो बदल तपासणीसाठी पाठवला. मार्गदर्शकांनी तो स्वतः दुरुस्त केला नाही. ‘जिथे घड्याळे वर्षातून दोनदा पुढे-मागे करतात, तिथे २३ तासांच्या दिवशी काय होईल?’ एवढी एकच ओळ लिहून परत पाठवला. उत्तर शोधण्यात माझे दोन दिवस गेले. पायथॉनच्या ३.९ या आवृत्तीपासून त्यासाठी झोनइन्फो हे ठिकठिकाणच्या वेळेचे नियम सांभाळणारे मॉड्यूल (तयार कोड) आयतेच मिळते, हे तेव्हा कळले; पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चाचणी आपल्याच सोयीच्या तारखांवर घेतली होती, हेही कळले. अभ्यासक्रमात मला तो प्रश्न कोणी विचारला असता असे वाटत नाही.

उत्तर २

मी काही वर्षे शिकाऊ उमेदवारांचे काम पाहतो, म्हणून टेस्टिंगबद्दल लिहितो. ‘बटण चालत नाही’ अशी तक्रार कोणीही करू शकते. परंतु कोणत्या पायऱ्यांनी गेल्यावर चूक पुन्हा हमखास दिसते, सर्व्हरने ५०० हा कोड (सर्व्हरमध्येच बिघाड) दिला की ४०३ (परवानगी नाही), आणि त्याच क्षणी लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, काय नोंदले गेले, हे जो नीट लिहितो त्याला निम्मा प्रोग्राम समजलेला असतो. तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नसेल तेव्हा फरकाला ९ ने भाग जातो का, हे आपण आधी पाहत असाल, कारण एखाद्या रकमेतील दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर तो जातोच. चूक शोधण्याची ही सवय इथे जशीच्या तशी उपयोगी पडते. कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील बायसेक्ट ही आज्ञा पाहा: हजार बदलांपैकी नेमक्या कोणत्या बदलाने बिघाड झाला, हे ती दर वेळी निम्मे बदल बाजूला सारून साधारण दहा पायऱ्यांत दाखवते.

मात्र सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी घ्या. आपला कोड कोण तपासणार आणि त्यासाठी त्या व्यक्तीच्या कामाच्या वेळेत जागा ठेवली आहे का, ही त्यांतील पहिली. ‘सगळेच मदत करतात’ असे उत्तर मिळाले, तर प्रत्यक्षात कोणीच करत नाही, असा माझा अनुभव आहे. चार महिन्यांनंतर विभाग बदलण्याची अट, अभ्यासासाठी राखीव वेळ आणि मुदतीआधी सोडल्यास दंड आहे का, हेही करारात वाचा.

उत्तर ३

वरील मतांशी सहमत आहे, पण एक उणीव सांगतो. कामाच्या ओघात समोर येईल तेवढेच शिकणे होते. डेटा स्ट्रक्चर, नेटवर्क, डेटाबेसचे इंडेक्स या गोष्टी कोणी ओळीने शिकवत नाही. त्या संध्याकाळी स्वतःच वाचाव्या लागतात. कमी विद्यावेतनात वर्षभर घर चालणार नसेल, तर आधी नोकरीत राहून बचत वाढवावी; त्यात कमीपणा नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. आज कंपनीला विचारले. मार्गदर्शकाचे नाव त्यांनी लगेच सांगितले, विभागबदलाची अट करारात घालण्याचेही मान्य केले. अभ्यासाच्या राखीव वेळेबद्दल मात्र ‘पाहू’ म्हणाले. तेवढे लेखी मिळेपर्यंत राजीनामा देत नाही.