मदत हवी आहे: जेनकिन्स २.४७९.१ वर जाताना जावा ८ वरचे मेव्हन जॉब कसे सांभाळावेत?

नमस्कार,

आमच्या चमूचा जेनकिन्स सर्व्हर (कोड आपोआप बांधण्याची व तपासण्याची कामे, म्हणजे ‘जॉब’, चालवणारा) २.३४६.३ या एलटीएस (दीर्घकाळ पाठबळाच्या) आवृत्तीवर थांबलेला आहे, कारण जावा ८ वर चालणारी ती शेवटची एलटीएस मालिका होती. सप्टेंबर २०२२ मधील २.३६१.१ पासून जावा ११ आणि ऑक्टोबर २०२४ मधील २.४७९.१ पासून जावा १७ अनिवार्य झाले. आमचे उत्पादन मात्र अजूनही जावा ८ वर बांधले जाते आणि ग्राहकांकडेही त्याच जावावर चालते, त्यामुळे ते लगेच बदलणे आमच्या हातात नाही.

तरीही हे अपग्रेड आणखी लांबवू नये, असे माझे ठाम मत आहे. जानेवारी २०२४ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२४-२३८९७ या सुरक्षा-त्रुटीमुळे जेनकिन्सच्या कमांड लाइनमधून ‘@’ या चिन्हापुढे फाइलचा पत्ता दिला, की सर्व्हरवरील त्या फाइलमधला मजकूर बाहेरच्या व्यक्तीला वाचता येत होता. तिची दुरुस्ती २.४२६.३ मध्ये झाली. आम्ही कमांड लाइनची ती सोय तूर्त बंद ठेवली आहे, पण ज्या सर्व्हरवर आमच्या सर्व रिपॉझिटरींच्या किल्ल्या आहेत, तो अशा तात्पुरत्या उपायावर चालवणे मला स्वस्थ बसू देत नाही.

जेनकिन्सची होम डिरेक्टरी वेगळ्या यंत्रावर उतरवून मी २.४७९.१ ची चाचणी घेतली. कंट्रोलर (मुख्य सर्व्हर) आणि एजंट (प्रत्यक्ष बिल्ड चालवणारी प्रक्रिया) दोन्ही जावा १७ वर सुरू झाले, प्लगिनही अद्ययावत झाले. एजंट ज्या जावावर चालतो आणि कोड ज्या जेडीकेने (जावाच्या विकास-संचाने) बांधला जातो, त्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे मला ठाऊक होते. म्हणून जॉबमध्ये जावा ८ चा जेडीके तसाच ठेवला.

अडचण आली ती मेव्हन (जावा कोड बांधणारे साधन) चालवणाऱ्या ‘मेव्हन प्रोजेक्ट’ या प्रकारच्या जॉबमध्ये. या प्रकारात जेनकिन्स स्वतःचे क्लास मेव्हनच्या प्रक्रियेतच चढवतो, त्यामुळे मेव्हन चालवणारा जावा जेनकिन्सला लागणाऱ्या किमान आवृत्तीहून जुना चालत नाही. लॉगमध्ये तशी सूचना येते, आणि मग या जॉब-प्रकाराचा प्लगिन मेव्हनला एजंटच्या जावा १७ वर पुन्हा चालवून केवळ कम्पाइल आणि चाचण्या जुन्या जेडीकेकडे वळवू पाहतो. आमची बहुतेक मोड्यूल एवढ्यावर निभावली. मात्र एक्सएमएल स्कीमावरून जावा कोड तयार करणारी मोड्यूल अडकली, कारण तो जुना जनरेटर मेव्हनच्याच प्रक्रियेत चालतो आणि त्याला लागणारे जॅक्सबी (एक्सएमएल आणि जावा यांना जोडणारी लायब्ररी) जावा ११ पासून जेडीकेमधून काढून टाकलेले आहे. टूलचेन्सचाही (वेगळा जेडीके नेमून देण्याची मेव्हनची सोय) येथे उपयोग झाला नाही, कारण टूलचेन ओळखणाऱ्या मेव्हन प्लगिनांनाच ती लागू होते आणि आमचा जनरेटर त्यांपैकी नाही. जॅक्सबीची ही अडचण जावा ११ वरही असल्याने मधल्या एखाद्या आवृत्तीवर थांबूनही काही साधणार नाही.

माझ्यासमोर दोन मार्ग आहेत. हे जॉब फ्रीस्टाइल (मेव्हनशी न जोडलेल्या साध्या प्रकारचे) करावेत, तर तेथे मेव्हन स्वतंत्र प्रक्रिया म्हणून कोणत्याही जेडीकेवर चालतो. परंतु एका मोड्यूलचा स्नॅपशॉट (अजून पक्की न झालेली आवृत्ती) तयार झाला, की त्यावर अवलंबून असलेले जॉब आपोआप सुरू होण्याची सोय जाते, आणि आमच्या संपूर्ण बिल्ड-साखळीचा आधार तीच आहे. दुसरा मार्ग पाइपलाइनमध्ये (बिल्डच्या पायऱ्या कोडमध्ये लिहिलेल्या जॉबमध्ये) ‘विथमेव्हन’ ही पायरी वापरण्याचा आहे. तेथे ती सोय मिळते, पण तीही मेव्हनमध्ये आपली एक हेर-जार (बिल्डवर नजर ठेवणारी जावाची फाइल) घालते. ही जार जावा ८ वरच्या मेव्हनमध्ये विनातक्रार चालते का? कोणी प्रत्यक्ष वापरून पाहिले असल्यास कृपया सांगावे. याशिवाय, जुने मेव्हन जॉब हलवताना बिल्डचे क्रमांक आणि इतिहास टिकवण्याची काही विश्वासार्ह पद्धत आहे का, हेही जाणून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

आपले निदान बरोबर वाटते. सगळेच जॉब एकदम हलवण्याची मात्र आवश्यकता दिसत नाही. कोड तयार करणारी मोड्यूल क्वचितच बदलत असतील, तर तेवढीच फ्रीस्टाइलमध्ये न्यावीत, त्यांच्या जार आपल्या अंतर्गत मेव्हन रिपॉझिटरीत पक्क्या आवृत्तीने प्रकाशित कराव्यात आणि बाकीचे जॉब सध्या आहेत तसेच चालू द्यावेत. पक्क्या आवृत्तीवरील अवलंबित्वाला स्नॅपशॉटच्या साखळीची गरजच उरत नाही. आपली स्कीमा किती वेळा बदलते?

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. स्कीमा वर्षातून दोन-तीनदाच बदलते, त्यामुळे ही मोड्यूल स्नॅपशॉटच्या साखळीबाहेर काढता येतील, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. या आठवड्यात चाचणीच्या यंत्रावर तसे करून पाहतो आणि निष्कर्ष येथेच लिहितो. विथमेव्हनविषयीचा प्रश्न मात्र कायम आहे, कारण उरलेले जॉबही आज ना उद्या पाइपलाइनमध्ये न्यावेच लागतील. त्याचा अनुभव असलेल्यांनी अवश्य लिहावे.