मुंबई–दुबई विमानाला खरे किती तास? तिकिटावर पावणेदोनच दिसतायत

देवगडचा_कलमवाला
मंडळी, एक बावळट प्रश्न आहे, हसू नका. बहीण दुबईला असते, तिचं बाळंतपण जानेवारीत. आई एकटीच जाणार आहे, पहिल्यांदा विमानात. वय सदुसष्ट, गुडघे दुखतात, साखरेची गोळी चालू. तिकीट हातात आलं तर त्यावर मुंबई सुटणार १६.३०, दुबई पोचणार १८.१५. म्हणजे पावणेदोन तास! आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "एवढ्या येळात आमची एस्टी कणकवलीक पण पोचणा नाय."

परतीचं बघितलं तर रात्री २२.०० ला सुटून मुंबईला ०२.३०. येताना साडेचार तास कसे? मध्ये कुठे थांबतं का? आईला सलग किती वेळ बसावं लागेल, हे मला नक्की हवंय. गोळी आणि जेवण त्यावर ठरवायचंय.

पावशी_तिठा
कुठे थांबत नाही. वेळा त्या त्या गावच्या असतात. दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास. जाताना पावणेदोनमध्ये दीड मिळवा, सव्वातीन. येताना साडेचारातून दीड वजा करा, तीन. झालं.

जुना_आखातवाला
तिठ्यावरच्या भावाने हिशेब बरोबर सांगितला, पण आईंसाठी तेवढ्याने भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मूळ रत्नागिरीचा, एसीच्या कामावर दुबईत एकवीस वर्षं काढली. पहिल्या खेपेला, १९९४ साली, वडिलांनी दिलेलं चावीचं घड्याळ मनगटावर होतं. ते मी मुद्दाम फिरवलं नाही, घरी आता कोण काय करत असेल ते कळावं म्हणून. त्यामुळे विमान किती वेळ उडतं ते आपोआपच कळायचं, आणि मला ते खिशातल्या डायरीत लिहून ठेवायची खोड लागली. चाकं सुटली ती वेळ, चाकं टेकली ती वेळ. बायको अजून हसते. डायरी आता समोरच आहे. थंडीच्या दिवसांत जाताना हवेत बहुतेक पावणेतीन तास, कधी पाच-दहा मिनिटं जास्त. येताना सव्वादोन ते अडीच.

रस्ता तोच, साधारण १,९०० किलोमीटर. फरक पडतो तो वाऱ्याचा. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. दुबईकडे जाताना तो समोरून, घरी येताना पाठीवर. पावसाळ्यात खाली आपल्याला नैर्ऋत्येचा वारा झोडपतो, पण तेवढ्या उंचीवर तो उलट, पूर्वेकडून असतो. म्हणून माझ्या जुलैच्या नोंदींत जाण्यायेण्यातला फरक बराच कमी दिसतो.

मग तिकिटावर सव्वातीन का? कारण ती वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत रांगतच जातं. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात आणि विमानांची रांग लागते. कंपन्या हे सगळं आधीच धरून ठेवतात. उशिरा सुटलेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं, ते त्याचमुळे. माझी सगळ्यात वाईट नोंद एका जुलैतल्या परतीची आहे. मुंबईवर पाऊस कोसळत होता आणि चाळीस मिनिटं आम्ही वरच घिरट्या घालत होतो. शेजारच्या मुलाला उलटी झाली, ती माझ्या नव्या बुटांवर.

आता आईंचं. दारं बंद होण्याआधी पाऊण तास तरी आत बसवतात, म्हणजे खुर्चीत एकूण चार तास धरा. सीट कडेची, चालायच्या वाटेजवळची घ्या. खिडकीपाशी बसल्या तर दोघांना उठवायला संकोचतील आणि गुडघे आखडून बसतील. आमची आई तशीच बसली होती, पाणीसुद्धा प्यायली नाही. विमानतळावर व्हीलचेअर लागेल असं आत्ताच कळवून ठेवा.

आणि गोळी. रात्रीची आठला घेतात ना? विमान उतरेल तेव्हा तिथे सव्वासहा, पण पोटाचं घड्याळ पावणेआठ. नेमकं तेव्हा त्या पासपोर्टच्या रांगेत असतील. गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि काहीतरी सुकं खाणं हातातल्या पिशवीत पाहिजे, मोठ्या बॅगेत नाही. पहिल्या दिवशी गोळी घरच्या घड्याळाने चालेल का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

देवगडचा_कलमवाला
काका, खूप आभार. रात्री आठच, बरोबर ओळखलंत. पिशवीचं म्हणाल तर आईने डिंकाचे लाडू आणि दोन किलो मालवणी मसाला बांधून ठेवलाय.

बंदरावरची_माई
थांबा थांबा! लाडवात खसखस आहे का? मसाल्यात तर असतेच. तिकडे खसखशीवर बंदी आहे, अमली पदार्थात धरतात. चिमूटभरसुद्धा नको. माझ्या जावेने विमानतळावर पोचल्यावर हे ऐकलं आणि डबा तिथेच सोडला. लाडू मेथी-अळिवाचे करा. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्याही सामानात घेऊ देत नाहीत, तेलकट असल्याने पेट घेण्याची भीती धरतात. आमसुलं, कुळथाचं पीठ खुशाल न्या. आगळाची बाटली मात्र मोठ्या बॅगेत, हातात शंभर मिलिलिटरवर काही चालत नाही.

पावशी_तिठा
आणि तीन तासांच्या विमानाचं काय घेऊन बसलात. देवगडहून संध्याकाळी सहाला निघणार, कणकवलीला कोकणकन्या पकडणार, पहाटे मुंबई, तीन तास आधी विमानतळ. मुलीच्या दारात पोचेपर्यंत सत्तावीस तास होतात, मोजा!

जुना_आखातवाला
गाडी वेळेवर आली तर. एक दिवस आधी जाऊन मुंबईत कोणा नातेवाइकांकडे झोपू द्या त्यांना.

देवगडचा_कलमवाला
ठरलं. आदल्या दिवशी परळला मामाकडे, सीट कडेची बदलून घेतली, व्हीलचेअरही सांगितली. चार तासांचं आईला काहीच वाटलं नाही, "भजनाक सहा तास बसतंय मी" म्हणाली. खसखशीचं सांगितल्यावर मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खसखस नाय तर त्येका लाडू कित्याक म्हणूचा?" आत्ता मागच्या पडवीत बिनखसखशीचा मसाला नव्याने भाजायला घेतलाय, मी शिंकत शिंकतच हे लिहितोय.